एक पाय पायरीवर

सणसरच्या आमच्या शेजारच्या तात्यांना देवानं सगळं दिलं होतं, फक्त वाट बघायची बुद्धी तेवढी द्यायची राहून गेली होती. एसटी यायला थोडा वेळ आहे असं कळलं, की तेवढ्या वेळात स्टँडच्या मागच्या गल्लीत काय काय आहे ते बघून यायला ते निघत. "आलोच हाय तर" हे त्यांचे लाडके शब्द. त्याच्या पुढचं वाक्य मी फारसं कधी ऐकलं नाही, कारण तोपर्यंत ते दिसेनासे झालेले असत.

तात्या निघाले की कमलकाकी, म्हणजे त्यांची बायको, पिशव्यांपाशी बसत. ही वाटणी कुणी केली, कधी केली, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. लग्नानंतर कधीतरी पहिल्यांदा तात्या म्हणाले असतील, "वाईच बस, मी आलोच," आणि काकी बसल्या असतील. मग बसतच गेल्या. पिशवीचा बंद त्या पायात अडकवून बसत, म्हणजे डोळा लागला तरी पिशवी कुठं जायला नको.

तात्यांच्या खांद्यावर कायम एक टॉवेल असे. तो अंग पुसायचा नव्हे, जागा धरायचा. गाडी स्टँडात वळली की तात्या पळत जाऊन खिडकीतून तो आत टाकत. टॉवेल पडला की जागा आपली, हा आमच्याकडचा कायदा आहे आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. कुणी नवखा तिथं टेकायला लागलाच तर तात्या बाहेरूनच सांगत, "पाव्हणं, माणूस हाय तितं." एवढं केलं की आपली प्रवासाची जबाबदारी संपली असं समजून ते पुन्हा कुठंतरी गडप होत. गाडीत ड्रायव्हर चढे, कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घाली, आणि तात्यांचा पत्ता नसे.

मग काकी उठत. पिशव्या आत टॉवेलाशेजारी ठेवत, खाली येत आणि दारात उभ्या राहत. एक पाय गाडीच्या पायरीवर, एक जमिनीवर. अशा उभ्या असलेल्या बाईला सोडून गाडी काढायची छाती आजवर कुठल्या ड्रायव्हरला झालेली नाही. काकी भांडत नसत, विनवण्या करत नसत. नुसत्या उभ्या राहून तात्या ज्या दिशेला गेले तिकडं बघत राहत. बारामती ते इंदापूर रस्त्यावरच्या कंडक्टरांना ही सवय झाली होती. गाडी लागली की ते आधी विचारत, "मावशी, तात्या कुठायत?"

तात्या येत ते कधी रिकाम्या हातानं येत नसत. कधी पेरूचं कलम, कधी कुणाकडून तरी ऐकलेला गुडघेदुखीचा लेप, कधी नुसतीच नवी ओळख. उसाच्या हंगामात तर त्यांना पंखच फुटत. कारखान्याच्या यार्डात ट्रॉल्यांची रांग लागे, आपला नंबर वजनकाट्यावर यायला कधी दिवस जाई, आणि बाकीचे शेतकरी ट्रॉलीखाली सावलीला पडून कारखान्याला शिव्या घालत. तात्या मात्र लोकांच्या भाकरीला भाकरी लावून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवत जात. माझ्या धाकट्या आत्याचं लग्न या यार्डातच जमलं. लोणी भापकरच्या एका ट्रॉलीवाल्यानं तात्यांना ठेचा वाढला, तात्यांनी त्याला घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि त्याचा भाऊ आमचा जावई झाला. आत्या सुखात आहे. तिचा नवरा झोपेत भयंकर घोरतो, पण त्याबद्दल तात्या म्हणत की ठेचा खाताना हे कळायला मार्ग नव्हता.

एकदा या नादात त्यांचा नंबर आला आणि गेलाही. मागच्यांनी ट्रॉली बाजूला लावली आणि आपल्या पुढं काढल्या. तात्या परत आले तर ऊस तिथंच वाळत उभा. ट्रॉलीत आमचाही ऊस होता. माझे वडील चिडले, तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "नंबर काय, परत लागंल. पर त्यो माणूस उद्या घावला असता का?" तो माणूस कोण होता आणि त्याचा आम्हाला काय उपयोग झाला, हे अजून कळलेलं नाही.

बारामतीच्या दवाखान्यातली गोष्ट तर आमच्या आळीत लहान पोरांनाही पाठ आहे. तात्यांना चक्कर येत होती म्हणून काकी त्यांना घेऊन गेल्या. गर्दी होती. तात्यांनी बाकावर टॉवेल टाकला आणि समोरच्या मंगल कार्यालयात कुणाचं लग्न आहे ते बघायला गेले. इकडं नाव पुकारलं. नंबर जाऊ नये म्हणून काकी उठून आत गेल्या. घाईतल्या डॉक्टरांनी कागद न बघताच त्यांच्या हाताला पट्टा गुंडाळला, रक्तदाब मोजला आणि उत्तम आहे म्हणून सांगितलं. तात्या अक्षता टाकून, जेवून, खिशात दोन बुंदीचे लाडू घेऊन आले. काकींनी निरोप दिला की तुमचं सगळं चांगलं आहे. त्यानंतर तात्यांना चक्कर आली नाही, हेही खरं आहे.

तात्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. ते जे बघून येत ते सगळं काकींना आणून देत. रात्रीची जेवणं झाली की ओट्यावर बसून ते सांगायला लागत, आणि ते सांगणं असं असे की आम्ही शेजारीपाजारीही जाऊन बसत असू. कोल्हापूरच्या राजवाड्यातले पेंढा भरलेले वाघ काकींनी पाहिले नव्हते, पण त्यांच्या मिशा कशा आहेत ते त्यांना माहीत होतं. दरवर्षी त्या वाघांत एकदोन वाघांची भर पडे. काकी मध्येच म्हणत, "मागल्या खेपंला कमी हुते." तात्या म्हणत, "तवा मोजायला येळ न्हवता."

अशा रीतीनं तात्यांनी महाराष्ट्र पाहिला आणि काकींनी महाराष्ट्रातले एसटी स्टँड. कुठल्या स्टँडावर पंखे फिरतात, कुठला नळ गळतो आणि कुठल्या बाकाचा खिळा पातळाला लागतो, हे त्या नेमकं सांगत. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

फक्त एका गोष्टीवर त्या हसत नसत. रेखा, म्हणजे त्यांची मुलगी आणि माझी मैत्रीण, लहान असताना तिघं अलिबागला एका लग्नाला गेले होते. परतीची गाडी उशिरा येणार होती. आलोच हाय तर म्हणून तात्यांनी रेखाला कडेवर घेतलं आणि समुद्र दाखवून आणला. काकी स्टँडावर. दोघं परत आले ते गुडघ्यापर्यंत भिजून, टॉवेलात शिंपले बांधून. ते शिंपले घेऊन मी आणि रेखा खूप खेळलो. त्या टॉवेलातली वाळू मात्र काकी किती दिवस झटकत होत्या. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता, आणि त्यांनी तो पाहिला नाही. पुढं पुन्हा त्या बाजूला जाणं झालं नाही.

रेखा लग्न होऊन नेदरलँड्सला गेली आणि तिला दिवस गेले, तेव्हा बाळंतपणाला आईवडिलांनी जायचं ठरलं. दोघांना इंग्रजी येत नाही म्हणून रेखानं मलाही बोलावलं. मी बारामतीत शाळेवर शिकवते, सुट्टी होती, निघाले. स्वस्तातलं तिकीट होतं. सकाळी इस्तंबूलला उतरायचं आणि पुढचं विमान थेट संध्याकाळी. एखाद्याला हे ऐकून कंटाळा आला असता. तात्यांच्या चेहऱ्यावर उसाचा भाव वाढल्यासारखं हसू आलं. आख्खा दिवस, तोही एका मोठ्या शहरात, आणि सामान परस्पर पुढच्या विमानात जाणार. बाहेर पडायचा परवाना मी फोनवरच काढला. तात्यांनी कऱ्हाटीचा एक मुलगा गाठला, जो जहाजावर नोकरी करून आला होता, आणि त्याच्याकडून त्या शहराची इतकी माहिती काढली की शेवटी तो मुलगा यांना चुकवायला लागला.

बांधाबांध करताना काकी मला हळूच म्हणाल्या, "तितं समुद्र हाय म्हणत्यात. खरं हाय का गं?"

मी म्हटलं, आहे, शहराच्या अगदी पोटातच आहे.

"एकदा बघावं म्हणते. पलीकडचा काठ दिसत न्हाय असलं पाणी."

मग त्यांनी लाडवांचा डबा पिशवीत नीट दाबून बसवला आणि म्हणाल्या, "पर ह्या पिशवीजवळ कोण बसंल?"

ती पिशवी बाळंतिणीची होती. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा. काकींनी ती मोठ्या सामानात टाकू दिली नव्हती, कारण बाळंतिणीचं खाणं परक्याच्या हाती द्यायचं नाही आणि नजरेआड ठेवायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. विमानतळावर सामान ठेवायची खोली असते असं मी सांगितलं. काकींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी तो विषय परत काढला नाही.

इस्तंबूलला कागदपत्रं होऊन आम्ही बाहेरच्या मोठ्या दालनात आलो. खुर्च्या थोड्या आणि माणसं भरपूर. तात्यांच्या अंगात बारामतीचा स्टँड संचारला. माझ्या हातातली बाळंतिणीची पिशवी हिसकून घेत ते पुढं पळाले, एका खुर्चीवर पिशवी ठेवली, शेजारच्या दोन खुर्च्यांवर टॉवेल पसरला, आणि जागा धरली हे सांगायला आमच्याकडं परत आले. आलेच होते, म्हणून वाटेतलं एक कारंजंही बघून आले.

आम्ही तिथं पोहोचलो तर खुर्च्यांभोवतीची माणसं लांब सरकलेली आणि पिशवीपाशी दोन पोलीस उभे. एकजण कानाजवळच्या यंत्रात काहीतरी बोलत होता.  तात्या मात्र ओळखीच्या आवाजात म्हणाले, "सायेब, माणूस हाय हितं."

पुढचा थोडा वेळ मी जे इंग्रजी बोलले ते माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकू नये. शेवटी काकी पुढं झाल्या, खाली बसल्या, पिशवी उघडली आणि डबा काढून त्या थोराड पोलिसापुढं धरला. त्यानं लाडू पाहिले, वास घेतला, काकींच्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. लाडू त्यानं घेतला नाही. तो तात्यांकडं वळला. पिशवीकडं बोट केलं, तात्यांकडं केलं, मग खुर्चीकडं केलं. हे समजायला कुठली भाषा लागत नव्हती. तात्या बसले.

पोलीस पाठमोरे झाले तसे तात्या उठले आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "आगं, तू बस वाईच. आमी आलोच."

काकी बसल्या नाहीत. पदर सारखा करून उभ्याच राहिल्या. मी त्यांना तशा उभ्या असलेल्या फक्त एसटीच्या दारात पाहिलं होतं.

"सायबानं तुमाला बसाय सांगितलंय," त्या म्हणाल्या. "मी समुद्र बघून येते."

  तात्यांनी दाराकडं पाहिलं, पलीकडं ऊन पडलं होतं, बसेस लागल्या होत्या, महिनोन् महिने गोळा केलेलं शहर तिथं उभं होतं. मग ते खाली बसले, वाकले आणि पिशवीचा बंद आपल्या पायात अडकवला.

"बोटीत उजव्या अंगाला बस," ते म्हणाले. "कऱ्हाटीचं पोरगं सांगत हुतं, तिकडं काठ दिसत न्हाय."

बसमध्ये काकींनी दोनदा मागं वळून पाहिलं. मला काकींचं नव्हे, तात्यांचं भय होतं. हा माणूस खुर्चीत दिवसभर बसेल यावर मी पैज लावली नसती, आणि त्यांचा फोन तिथं नुसता घड्याळाच्या कामाचा होता. काकी एवढंच म्हणाल्या, "बसत्याल." पण तशी त्यांचीही खात्री दिसली नाही.

बोट सुटली. आम्ही उजव्या अंगाला बसलो. सुरुवातीला घरं, मिनार, मोठमोठी जहाजं होती, मग एकदम उजवीकडचं सगळं सरलं आणि नुसतं पाणी राहिलं.  शेजारच्या एका बाईनं तीळ लावलेल्या कडक पावाचा तुकडा काकींच्या हातात दिला आणि वर उडणाऱ्या पक्ष्यांकडं खूण केली. काकींनी तो तुकडा फेकला नाही, हात लांब करून धरून ठेवला. एका पक्ष्यानं तो हातातून उचलून नेला तेव्हा त्या लहान मुलीसारख्या दचकल्या आणि हसल्या.

मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "एवढं पानी, आन् पाळी कुणाचीच न्हाय."

आमच्याकडं कालव्याच्या पाण्याची पाळी धरण्यात आयुष्य गेलेल्या बाईला समुद्राविषयी याहून जास्त काय वाटणार होतं? पलीकडं उतरल्यावर त्या धक्क्याच्या पायऱ्या उतरून खाली गेल्या, बोटं बुडवली आणि चाखली. "खारट हाय की," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलेलं. मला वाटायचं, वाढवून सांगत्यात." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी दुसरीकडं पाहिलं.

परतताना गर्दीत बस अडकली. माझा जीव टांगणीला लागला. पोहोचलो तेव्हा आम्ही जवळजवळ पळतच दालनात शिरलो. काकींना तात्यांची पांढरी टोपी आधी दिसली. त्या थांबल्या, श्वास घेतला आणि मग सावकाश चालत गेल्या.

तात्या त्याच खुर्चीत होते. पिशवीचा बंद पायात होता, शेजारच्या दोन्ही खुर्च्यांवर टॉवेल होता आणि आजूबाजूला उभी असलेली माणसं त्याच्याकडं बघत बघत उभीच होती. आम्हाला पाहून तात्यांनी पिशवी काकींच्या हातात कोंबली आणि एक शब्द न बोलता मुतारीकडं पळाले. सकाळपासून ते उठले नव्हते.

परत आल्यावर ते काकींकडं वळून बसले आणि म्हणाले, "सांग आता."

आणि काकींनी सांगितलं. तपासणीच्या रांगेत सांगितलं, विमानाच्या दारापर्यंत सांगितलं. पक्षी कोंबड्याएवढे होते असं सांगितलं, जे फार तर कबुतराहून थोडे मोठे असतील. बोटीला तीन मजले होते असं सांगितलं, मी दोनच पाहिले. तात्यांनी एकदाही अडवलं नाही. माना डोलवत ऐकत राहिले.

विमानात मी त्यांच्या पुढच्या ओळीत होते. दिवे मंदावल्यावर मागून तात्यांचा आवाज आला. एरवी त्यांचं बोलणं दोन घरं पलीकडं ऐकू जाई. हा आवाज मला नवा होता.

"इतकी वरसं बसलीस. तुला कटाळा न्हाय आला?"

 "यायचा की," काकी म्हणाल्या. "पर तुमी येऊन सांगायचा न्हवं."

 

रेखाला मुलगा झाला. लाडू पुरून उरले. सगळं यथासांग पार पडून दोघं गावी परतले आणि आपापल्या कामाला लागले. तात्या गेले त्याला आता वर्ष होईल. मला त्यांची आठवण येते ती मात्र ओट्यावरच्या गप्पांची नाही, यार्डातलीही नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बारामतीच्या स्टँडवर. शाळा सुटून मी घरी जात होते. इंदापूरची गाडी भरून उभी होती, ड्रायव्हर जागेवर होता, कंडक्टर वैतागलेला होता. दारात तात्या उभे होते. आतल्या एका जागेवर त्यांचा टॉवेल पसरलेला दिसत होता. मी विचारलं, का खोळंबा केलाय? त्यांनी हनुवटीनं फाटकाकडं दाखवलं.

"हिला बांगड्या बघायच्या हुत्या. आलोच हाय तर म्हणाली."

फाटकाशी बांगडीवाल्याच्या हातगाडीपुढं काकी उन्हात एकेक रंग निरखत होत्या. मध्ये एकदा त्यांनी गाडीकडं पाहिलं, सगळं जागच्या जागी आहे याची खात्री केली आणि पुन्हा बांगड्यांकडं वळल्या. घाई कसली ती दिसत नव्हती. कंडक्टरनं घंटी मारली. ड्रायव्हरनं गाडी घरघरवली. तात्या काकींच्या दिशेला बघत होते, एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर.